'पेरी मेसन'मधील दोषस्थळे : एक इतिहासविचार

जुन्या दूरचित्रवाणी मालिकांतील चुका वेचण्याचा छंद साहित्यविचाराच्या क्षेत्रात फारसा प्रतिष्ठित मानला जात नाही. साक्षीदाराच्या हातातील कागद एका चौकटीत डावीकडे तर दुसऱ्या चौकटीत उजवीकडे असणे, भिंतीवरील घड्याळाचे काटे संवादाच्या गतीशी न जुळणे, एका भागात खून झालेला नट पुढील वर्षी वेगळ्या नावाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणे अशा नोंदींच्या याद्या रसिक मोठ्या चिकाटीने तयार करतात. अभ्यासक त्यांकडे कौतुकाने पाहून पुढे जातात. परंतु चूक ठरविण्यासाठी काहीतरी बरोबर आहे असे गृहीत धरावे लागते, आणि ते कोठून येते हा प्रश्न या याद्यांत सहसा विचारला जात नाही. अमेरिकेतील सीबीएस या प्रसारणसंस्थेने २१ सप्टेंबर १९५७ ते २२ मे १९६६ या काळात दाखविलेली 'पेरी मेसन' ही २७१ भागांची न्यायालयीन मालिका या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगी आहे. एक तर तिचा विषयच पुराव्याची छाननी हा आहे. दुसरे म्हणजे तिचा मूळ लेखक स्वतः वकिली केलेला होता.

दोषविचार ही आपल्या काव्यशास्त्रालाही अपरिचित गोष्ट नाही. भामहाने देश, काल, कला, लोक, न्याय आणि आगम यांच्याशी विरोध येणे हा काव्यदोषांचा एक वर्ग मानला. दंडीने तो वर्ग स्वीकारला, मात्र कविकौशल्यामुळे असा विरोध कधीकधी गुणही ठरू शकतो अशी पुस्तीही जोडली. आनंदवर्धनाने अव्युत्पत्तीतून, म्हणजे माहितीच्या अभावातून, येणारा दोष आणि अशक्तीतून येणारा दोष यांत फरक केला : पहिला कवीच्या प्रतिभाशक्तीने झाकला जातो, दुसरा तत्काळ नजरेत भरतो. अ‍ॅरिस्टॉटलचे 'पोएटिक्स'च्या पंचविसाव्या प्रकरणातील विवेचनही याच वळणाचे आहे. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा लहान अपराध, हरिणी ओळखूच न येईल असे चित्र काढणे हा मोठा. या सर्व विवेचनांत एक गोष्ट समान आहे. दोष एका कर्त्याच्या माथी मारता येतो, आणि तो कर्ता एकतर अज्ञानी असतो किंवा असमर्थ. 'पेरी मेसन'मधील दोषांचा असा एक कर्ता सापडत नाही, आणि तेथूनच त्यांचा इतिहास सुरू होतो.

सातत्यभंगाच्या सामान्य नोंदींबाबत फार थांबण्याचे कारण नाही. पहिल्याच वर्षी ३९ भाग तयार झाले. दर आठवड्याला तासाभराची कथा देताना तीच न्यायालयाची सजावट, तेच कार्यालय आणि नटांचा तोच संच पुनःपुन्हा वापरला जाणे अपरिहार्य होते. वेस्ली लाऊ हा नट १९६१ साली एका भागात मेसनचा अशील म्हणून येतो आणि लवकरच पोलिस अधिकारी अँडरसन म्हणून मालिकेत स्थिरावतो. खुनाच्या आरोपातून सुटलेला इसम काही आठवड्यांत खुनाचा तपास करू लागतो, ही गोष्ट आज सलग भाग पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटते. १९६१ सालच्या प्रेक्षकाला ती तशी वाटली असण्याचा संभव कमी. ध्वनिचित्रमुद्रणाची घरगुती साधने तेव्हा नव्हती. भाग पाहिला की तो गेला, फार तर उन्हाळ्यातील पुनःप्रसारणात परत भेटला. ही मालिका २००६ ते २०१३ या काळात डीव्हीडीच्या रूपाने संपूर्ण उपलब्ध झाली, तेव्हा ती एक सलग संहिता म्हणून वाचता येऊ लागली. ज्या सातत्याचा भंग आज मोजला जातो ते सातत्य निर्मात्यांनी कधी कबूल केलेलेच नव्हते. प्रत्येक कथा स्वयंपूर्ण, आणि मागील आठवड्याची आठवण कोणत्याही पात्राला नाही, हाच त्या काळच्या मालिकांचा संकेत होता.

मात्र काही खंड या संकेताने उलगडत नाहीत. लेफ्टनंट ट्रॅगची भूमिका करणारे रे कॉलिन्स प्रकृतीच्या कारणाने जानेवारी १९६४नंतर पडद्यावर आले नाहीत. जुलै १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. तरीही आठव्या वर्षाच्या अखेरपर्यंत आरंभीच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव झळकत राहिले. वस्तुस्थितीच्या काटेकोर दृष्टीने हे विधान खोटे आहे, कारण त्या भागांत ट्रॅग नाही. यादी करणारा त्याची नोंद 'चूक' म्हणून करील. ती एका वृद्ध सहकाऱ्याविषयीची सहृदय अफरातफर होती. मेसनची भूमिका करणारे रेमंड बर १९६३ च्या आरंभी शस्त्रक्रियेमुळे दूर होते, तेव्हा चार भागांत बेटी डेव्हिस आदी नामवंत नटांनी पाहुणे वकील म्हणून बाजू सांभाळली. येथे कथेनेच कारण पुरविले : मेसन रुग्णालयात आहे आणि तेथून दूरध्वनीवर बोलतो. आजारपण सांगण्याजोगे होते.

जे सांगण्याजोगे नव्हते ते १९६० साली घडले. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर यांची भूमिका करणारे विल्यम टॉलमन यांना त्या वर्षी मार्च महिन्यात एका खाजगी मेजवानीवर पडलेल्या पोलिसांच्या धाडीत अनेकांसह अटक झाली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच प्रसारणसंस्थेने करारातील नैतिक वर्तनाच्या कलमाचा आधार घेऊन त्यांना काढून टाकले. जून महिन्यात न्यायाधीशांनी आरोप रद्दबातल ठरविले. तरीही टॉलमन लगेच परत आले नाहीत. प्रेक्षकांची पत्रे आणि सहकाऱ्यांचा आग्रह यांनंतर वर्षाच्या अखेरीस त्यांना परत घेण्यात आले. मधल्या काळातील भागांत बर्गरच्या खुर्चीवर दुसरे सरकारी वकील बसलेले दिसतात. बर्गर कोठे गेला हे कोणी विचारत नाही, आणि तो परततो तेव्हाही कोणाला आश्चर्य वाटत नाही.

हा सातत्यभंग मालिकेच्या इतिहासातील बहुधा सर्वांत बोलका आहे. दर आठवड्याला संशयावरून पकडलेला मनुष्य निरपराध ठरविणाऱ्या या मालिकेच्या निर्मितिव्यवस्थेत संशयावरून पकडलेल्या मनुष्याला सुनावणीपूर्वी शिक्षा झाली. ती शिक्षा न्यायालयाने दिली नव्हती, कराराने दिली होती. न्यायालयाने त्याला मोकळे केल्यानंतरही ती काही महिने टिकली. कथाविश्वात याचा एक शब्दही येऊ शकत नव्हता. आला असता तर मेसनने बर्गरचे वकीलपत्र घ्यावे लागले असते. कथनमीमांसेच्या भाषेत बोलायचे तर निवेदनातील या रिकाम्या जागेचा अन्वय संहितेच्या आत लागत नाही. तो कराराच्या कागदात शोधावा लागतो.

आता कायद्याच्या चुकांकडे वळता येईल. मालिकेविषयीचा सर्वांत जुना आक्षेप असा, की खुनाचा खटला ज्युरीविना कसा चालतो? याचे उत्तर बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही : मेसनचे बहुसंख्य खटले हे खटलेच नाहीत. ती प्राथमिक सुनावणी आहे. कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्याचा आरोप एकतर ग्रँड ज्युरीमार्फत दाखल होतो, किंवा दंडाधिकाऱ्यासमोर प्राथमिक सुनावणी होऊन आरोपीस वरिष्ठ न्यायालयाकडे पाठविले जाते. आपल्याकडे १९७४ पूर्वी खुनाचे प्रकरण सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करण्याआधी दंडाधिकारी जी चौकशी करीत, तिच्याशी याचे साम्य आहे. येथे ज्युरी नसते. आरोपीविरुद्ध खटला चालविण्याइतका पुरावा आहे काय, एवढेच पाहायचे असते. ज्युरी टाळल्यामुळे पेटीत बसवायची बारा माणसे आणि त्यांचे वेतन वाचले, ही गोष्ट निर्मितीच्या हिशेबात महत्त्वाची होतीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निवड, युक्तिवाद, न्यायाधीशांचे मार्गदर्शन आणि निकालाची प्रतीक्षा हे सारे वगळून कथेला थेट साक्षीपुराव्यापाशी नेता आले. म्हणजे जी गोष्ट सर्वाधिक वेळा चूक म्हणून दाखविली जाते, ती कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे.

चुका त्यापुढे आहेत. लॉस एंजेलिससारख्या विस्तीर्ण जिल्ह्याचा निर्वाचित मुख्य सरकारी वकील हाताखाली सहायकांची मोठी फळी असताना दर आठवड्याला प्राथमिक सुनावणीस जातीने हजर राहतो, हे लोकव्यवहाराशी विसंगत आहे. प्राथमिक सुनावणीत बचाव पक्ष सहसा आपले पत्ते उघड करीत नाही. सरकार पक्षाचा पुरावा ऐकून घ्यायचा, साक्षीदारांची विधाने नोंदवून ठेवायची आणि खरी लढाई पुढे लढायची, ही वकिलांची परिपाठाची रीत. मेसन मात्र तेथेच सर्वस्व पणाला लावतो. उलटतपासणीत तो साक्षीदारावर थेट खुनाचा आरोप करतो. त्या साक्षीदारास स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा जो संविधानदत्त हक्क पाचव्या दुरुस्तीने दिला आहे, त्याची आठवण अशा वेळी करून देणारा न्यायाधीश मालिकेत क्वचितच दिसतो. मग साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून, कधी तर प्रेक्षकांसाठीच्या बाकांवरून, कबुलीजबाब येतो.

या यादीत काही खोट्या चुकाही शिरतात, आणि येथे इतिहासाचे भान सुटले की वाचन फसते. पोलिस आरोपीला गप्प राहण्याच्या व वकील मिळण्याच्या हक्काची सूचना न देता प्रश्न विचारतात, हा दोष आज हटकून दाखविला जातो. ती सूचना बंधनकारक करणारा 'मिरांडा'चा निर्णय १३ जून १९६६ चा आहे. निर्धन आरोपीस राज्याने वकील पुरविलाच पाहिजे असे ठरविणारा 'गिडियन'चा निर्णय मार्च १९६३ चा, म्हणजे मालिका सहाव्या वर्षात असतानाचा. बर्गरची साक्ष 'अग्राह्य, असंबद्ध आणि अप्रस्तुत' असल्याची त्रिपदी हरकत आजच्या वकिलाला विडंबनासारखी वाटते. ती त्या काळी न्यायालयात खरोखर ऐकू येत असे. कॅलिफोर्नियाची नवी पुरावा संहिता अमलात आली ती १ जानेवारी १९६७ रोजी, मालिका संपल्यानंतर. कायदा बदलत असताना त्याचे चित्रण स्थिर राहिले, आणि मागाहून आलेल्या प्रेक्षकाला बदललेला कायदा सनातन वाटला. भामहाचा कालविरोध येथे कृतीकडून वाचकाकडे सरकतो.

उरलेल्या खऱ्या चुका अव्युत्पत्तीतून आल्या असे म्हणता येत नाही. अर्ल स्टॅन्ली गार्डनर (१८८९–१९७०) यांना १९११ साली वकिलीची सनद मिळाली. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड व व्हेंचुरा येथे त्यांनी अनेक वर्षे वकिली केली, आणि त्यांच्या आरंभीच्या अशिलांत फारसा कोणी वाली नसलेले चिनी रहिवासी होते. १९३३ साली पहिली मेसन कादंबरी आली तोवर न्यायालयाच्या कार्यपद्धतीचे कोपरेही त्यांना पाठ झालेले होते. मालिका करताना निर्मात्या गेल पॅट्रिक जॅक्सन यांच्याकडे येणाऱ्या संहिता ते वाचत आणि त्यांतील त्रुटी दाखवीत. पेनल कोडचे कलम चुकू नये याची एवढी दक्षता घेणारी मंडळी दर आठवड्याला घडणाऱ्या कबुलीजबाबाला मात्र हात लावत नाहीत. अर्थात हा दोष नकळत राहिलेला नाही, तो निवडलेला आहे.

तो कशासाठी निवडला गेला? कबुलीजबाब रहस्यकथेच्या गरजेतून येतो हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. फौजदारी न्यायाचे मूळ तत्त्व असे की आरोपी निरपराध आहे असे गृहीत धरायचे. सिद्धतेचा भार सरकारवर असतो, आणि रास्त संशय उरला तर आरोपी सुटतो. खून कोणी केला हे दाखविण्याची जबाबदारी बचाव पक्षावर कधीच नसते. मेसनच्या जगात संशय पुरेसा होत नाही. दुसरा गुन्हेगार उभा करून, त्याच्या तोंडून गुन्हा वदवून घेतल्याखेरीज अशिलावरील डाग जात नाही. म्हणजे निरपराधित्वाच्या गृहीतकाची महती सांगणारी म्हणून जी मालिका ओळखली जाते, तिच्यात ते गृहीतक प्रत्यक्ष काम करताना जवळपास दिसतच नाही. तेथे निरपराधित्व सिद्ध करावे लागते, आणि तेही रास्त संशयाच्या पलीकडे. ही चूक चुकांच्या याद्यांत सापडत नाही. घड्याळाचे काटे मोजणाऱ्या नजरेला ती दिसणे कठीण आहे.

हा मार्ग अटळ नव्हता हे दाखविणारी दोन समकालीन उदाहरणे आहेत. पहिले त्याच सीबीएसवरचे. सप्टेंबर १९५४ मध्ये 'स्टुडिओ वन'मध्ये रेजिनाल्ड रोझ यांचे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हे नाटक थेट प्रसारित झाले. त्यात न्यायालय नाही, फक्त ज्युरीची खोली आहे. खून कोणी केला हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मुलगा सुटतो तो केवळ संशय उरला म्हणून. (या नाटकावरून बासू चटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' केला, तेव्हा भारतात ज्युरीपद्धती कायद्यातून नाहीशी झालेली होती. हा ढळढळीत देशकालविरोध प्रेक्षकांनी निमूट स्वीकारला. दंडीची पुस्ती येथे सहज लागू पडते, कारण बारा माणसे काढून टाकली तर त्या कृतीचा आशयच उरत नाही.)

दुसरे उदाहरण खुद्द गार्डनर यांचे आहे. १९४८ पासून 'आर्गसी' मासिकाच्या साहाय्याने त्यांनी 'कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट' हा उपक्रम चालविला. चुकीने शिक्षा झाली असावी अशा कैद्यांची प्रकरणे तज्ज्ञांकरवी नव्याने तपासायची, हे त्याचे काम. त्यावरील त्यांच्या पुस्तकाला एडगर पारितोषिक मिळाले. या उपक्रमावर आधारलेली मालिका एनबीसीवर ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, म्हणजे 'पेरी मेसन'नंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, सुरू झाली आणि २६ भागांनंतर थांबली. एकाच लेखकाच्या दोन मालिका एकाच हंगामात लोकांपुढे आल्या. एकीत न्यायालय चुकलेले असते आणि ती चूक वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासानंतर, कागद चाळत, दारोदार फिरत दुरुस्त करावी लागते. दुसरीत न्यायालय चुकण्याच्या बेतात असते आणि तासाभरात सावरते. लोकांनी नऊ वर्षे दुसरी पाहिली. एका हंगामात बंद पडलेल्या मालिका पुष्कळ असतात आणि त्यांची कारणेही अनेक, त्यामुळे या तुलनेवर फार भार टाकू नये. तरी कबुलीजबाब खोटा आहे हे गार्डनर यांच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? ज्या प्रकरणांसाठी त्यांनी आयुष्याची वर्षे घालविली, त्यांत कोणी खरा गुन्हेगार बाकावरून उठून उभा राहिला नव्हता.

मेसन हरतो असे मोजके भाग आहेत, आणि त्यांत मालिका स्वतःच्या नियमाशी कशी वागते ते पाहण्यासारखे आहे. 'द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट' (१९५८) या भागात ज्युरी अशिलास दोषी ठरवते. मात्र तो अशील ज्या नावाने वावरत होता तो मनुष्य तो नव्हेच, असे पुढे उघड होते. 'द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट' (१९६३) याच्या आरंभीच अशिलाला मृत्युदंड फर्मावला जातो, आणि उरलेला भाग तो निकाल पुसून टाकण्यात जातो. ज्युरी कथेत शिरली की मेसन हरतो, आणि ती बाहेर गेली की सत्य परत येते, असा हा घाट आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीसाठी जुलै २००९ मध्ये सोनिया सोटोमायोर यांची सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. लहानपणी ही मालिका पाहून सरकारी वकील व्हावेसे वाटले, असे त्यांनी तेथे सांगितले. निरपराध मनुष्य सुटला तरी आपले काम झालेच, अशा अर्थाचे बर्गरचे उद्गार त्यांच्या मनात राहिले होते. सिनेटर अल फ्रँकन यांनी त्यांना विचारले, बर्गरने जिंकलेला तो एकमेव खटला कोणता? त्यांना नाव आठवले नाही, आणि वृत्तपत्रांनी 'डेडली व्हर्डिक्ट'चे नाव शोधून काढले. या प्रसंगातील वस्तुदोष कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसत नाही. प्राथमिक सुनावणीत आरोपीची मुक्तता झाली तर तो कायद्याच्या अर्थाने निर्दोष सुटलेला नसतो. खटला उभाच राहिलेला नसल्याने दुहेरी अभियोगाचा निर्बंध लागू होत नाही आणि सरकार पुन्हा आरोप दाखल करू शकते. तेव्हा बर्गर शेकडो खटले हरला हे विधानच चुकीचे आहे. त्यांपैकी बहुतेक त्याने चालविलेलेच नाहीत. मालिकेच्या नायकाच्या निष्कलंक यशाची आणि प्रतिनायकाच्या करुण अपयशाची ख्याती ज्या आकड्यावर उभी आहे, तो आकडा ज्युरीची बारा माणसे वाचविण्याच्या सोयीतून निर्माण झालेला आहे.

२२ मे १९६६ रोजी प्रक्षेपित झालेल्या 'द केस ऑफ द फायनल फेड-आउट' या शेवटच्या भागात खून होतो तो एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणस्थळी, एका नटाचा. मेसन मालिकेच्या पडद्यामागील अनेक मंडळी या भागात कॅमेऱ्यासमोर आली. पडद्याआडचे करार, हेवेदावे आणि नटाची बडतर्फीची भीती कथाविश्वात उघडपणे आली ती मालिका संपत असताना. न्यायाधीशाच्या आसनावर गार्डनर स्वतः बसले आहेत. त्यानंतर बाविसाव्या दिवशी 'मिरांडा'चा निर्णय आला.